प्रत्येक तिसरं दार

संशोधनाचा प्रश्न लहान असावा, हे काही केल्या वजनकाट्यांच्या गळी उतरेना.

त्यांनी विषय कसा भारदस्त निवडला होता. ‘पृथ्वीवरील साधनसंपत्ती आणि मानवजातीचं भवितव्य.’ मुखपृष्ठ दोन रंगांच्या शाईत तयार होतं, खाली रेघसुद्धा पट्टीने मारलेली. भूगोलाच्या मॅडमनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मॅडम वयाने वजनकाट्यांच्या धाकट्या मुलीएवढ्या, पायात कापडी बूट, आणि कुणालाही न दुखवता नापास करण्याची हातोटी.

“काका, विषय छानच आहे,” त्या म्हणाल्या. “पण मानवजातीची मुलाखत कोण घेणार? प्रदेश थोडा छोटा करा.”

वजनकाट्यांनी मानवजात सोडली आणि ते खंडावर आले. पुढच्या तासाला मॅडम म्हणाल्या, छोटा करा. खंडावरून ते नदीच्या खोऱ्यावर आले, खोऱ्यावरून शहरावर, शहरावरून आपल्या राहत्या गल्लीवर. इथे त्यांची सहनशक्ती संपली.

“मॅडम, आता आणखी छोटा केला तर आमची मोरीच उरेल.”

“मोरी वाईट नाही,” मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, “पण एका मोरीवरून निष्कर्ष काढता येत नाही. गल्लीच ठेवा.”

अशा रीतीने प्रश्न ठरला. आपल्या गल्लीला येणारं पाणी गल्लीला पुरतं का, आणि असंच चाललं तर पुढेही पुरेल का? मॅडमच्या भाषेत याला प्रादेशिक शाश्वततेचा प्रश्न म्हणत. वजनकाट्यांच्या बायकोच्या भाषेत याला रिकामपणचे उद्योग म्हणत. पण तिनेच त्यांना या संध्याकाळच्या वर्गाला घातलं होतं, त्यामुळे तिला फार बोलता येत नव्हतं.

वजनकाटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी सगळी नोकरी दुकानदारांचे काटे तपासण्यात घालवली, तेव्हापासून गल्लीने हे नाव दिलं आणि आता तर पत्रंही त्याच नावाने येत. निवृत्त झाल्यावर ते घरातले डबे मोजायला लागले. डाळ कालच्यापेक्षा कमी कशी, असं त्यांनी एकदा स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं, आणि त्याच दुपारी बायको त्यांच्यासाठी कॉलेजातून प्रवेशअर्ज घेऊन आली.

गल्ली चढाची. पाण्याची पाइप खालच्या तोंडातून शिरते आणि चढत चढत वरच्या टोकाला जाते. खालच्या तोंडाशी औषधवाल्यांचं घर, मधे वजनकाटे आणि शिवणकाम करणाऱ्या टेलरबाई, आणि अगदी वरच्या टोकाला, जिथे रस्ता थकून संपतो, तिथे हेडसरांचं घर. हेडसर म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. बोलताना अजूनही समोरच्याला बाकावर उभं करायचे.

सगळ्यांनाच विचारायची गरज नाही, नमुना निवडायचा, असं मॅडमनी शिकवलं होतं. खालून सुरुवात करून प्रत्येक तिसरं दार. यात माणसाची मर्जी येत नाही, वशिला येत नाही. वजनकाट्यांना ही पद्धत मनापासून आवडली. इतकं निःपक्षपाती काही त्यांनी खात्यातसुद्धा पाहिलं नव्हतं. पहिल्याच सकाळी डोक्यावर टोपी, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेली प्रश्नावली अशा थाटात ते निघाले. औषधवाल्यांनी दुकानात जाता जाता विचारलं, “काय हो, सकाळी सकाळी?”

“पाण्याची पाहणी. तुमचा नंबर लागत नाही.”

एवढं एकच वाक्य ते बोलले. पण ‘नंबर लागत नाही’ हे शब्द गल्लीत असे सुटले की दुपारपर्यंत कसली तरी योजना आली आहे, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक झालं. कसली ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांचा नंबर नव्हता ते अस्वस्थ झाले. औषधवाले दुकान नोकरावर टाकून परत आले आणि म्हणाले, “आमचं मागचं दार धरलंत तर आम्ही तिसरे येतो.” टेलरबाई म्हणाल्या, “माझ्या घराला एकच दार आहे, पण खिडकी दाराएवढीच मोठी आहे.”

संध्याकाळी वारं फिरलं. पाण्याला मीटर बसणार आणि ज्यांची नावं लिहिली त्यांना आधी बसणार, अशी दुसरी बातमी आली. मग ज्यांचा नंबर लागला होता ते आजारी पडले, गावाला गेले, किंवा दाराआडून “घरात कुणी नाही” असं स्वतःच सांगू लागले.

हेडसरांना मात्र योजनेचं काही पडलेलं नव्हतं. ते चढ उतरून स्वतः आले आणि अंगणात उभे राहिले.

“वजनकाटे, माझं घर वगळलंत म्हणे.”

“वगळलं नाही सर. गणतीत बसलं नाही. पद्धतच तशी आहे.”

“अख्ख्या गल्लीत पाणी नाही ते फक्त माझ्याकडे. नळातून करंगळीएवढी धार येते, ती पण रुसत रुसत. आणि पाण्याच्या पाहणीत पाणी नसलेला माणूसच नाही? ही कसली पद्धत?”

वजनकाट्यांनी मॅडमचं वाक्य फेकलं. “सर, संशोधनात भावनेला थारा नसतो.”

हेडसर वळले आणि चढाला लागले. त्यांची पाठ फार ताठ होती. पाठ तितकी ताठ असली की माणूस दुखावलेला असतो, हे वजनकाट्यांच्या बायकोने खिडकीतून पाहिलं आणि नवऱ्यालाही ऐकवलं.

आता गंमत अशी की प्रत्येक तिसऱ्या दारात खुद्द वजनकाट्यांचंच दार येत होतं. नियम म्हणजे नियम. ते बाहेर गेले, चपला काढल्या, कडी वाजवली आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. बायको भाजी चिरत होती.

“कुटुंबप्रमुखाचं नाव?”

सुरी थांबली. “तुमचं काय मत?”

“माझं मत चालत नाही. उत्तर देणाऱ्याच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं.”

“मग ती जागा रिकामी ठेवा. विचार करून सांगते.”

त्यांनी घसा साफ केला. “दिवसाला पाणी किती लागतं? बादल्यांत सांग.”

“तुमच्या बादलीत का माझ्या?”

वजनकाट्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. आयुष्यभर ज्या माणसाने पाव किलोचं वजन गुळगुळीत झालं म्हणून दुकानदारांना घाम फोडला, त्याने स्वतःच्या प्रश्नावलीत ‘बादली’ असा शब्द लिहिला होता आणि ती केवढी, हे लिहिलं नव्हतं! घरात एक लाल बादली होती, एक निळी होती, आणि एक अशी होती की तिला बुडापाशी चीर गेल्यामुळे ती फक्त अर्धीच भरायची. अख्ख्या गल्लीचा हिशेब घ्यायचा तर काय होईल, या विचाराने त्यांना चहा कडू लागला.

दुसऱ्या दिवसापासून ते लाल बादली प्रमाण मानून, ती हातात घेऊनच दारोदार हिंडू लागले. याचा परिणाम त्यांच्या ध्यानात आला नव्हता. टोपीतला, उन्हाने लाल झालेला एक वयस्कर माणूस रिकामी बादली घेऊन दारात उभा राहिला, की लोक प्रश्न ऐकायच्या आधी पाणी आणायला आत वळत. एका दारात घरातल्या आजींनी “अरेरे, इतकी वेळ आली का तुमच्यावर” म्हणत बादली काठोकाठ भरून दिली. “आजी, हे माप आहे,” असं वजनकाटे सांगत राहिले. आजींना ऐकू कमी येत होतं. भरलेली बादली घेऊन ते चढ चढत घरी आले. बायकोने पाणी बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, “संशोधनात मिळकत चांगली आहे.”

आणि उत्तरं! पाण्याला मीटर बसायच्या भीतीने गल्ली एका रात्रीत वैरागी झाली होती. एका घरात सात माणसं आणि पाणी दोन बादल्या. “आंघोळी?” वजनकाट्यांनी विचारलं. “करतो ना, आळीपाळीने,” उत्तर आलं. दुसऱ्या एका घराने तर पाणी पिणं जवळजवळ सोडल्याचं सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. सगळ्याची बेरीज मारल्यावर वजनकाट्यांना दिसलं की या गल्लीपेक्षा चिमण्यांचा एखादा थवा जास्त पाणी वापरत असेल.

खोटं माप त्यांनी जन्मभर एका नजरेत ओळखलं होतं. पण तेव्हा खिशात खात्याचं ओळखपत्र असायचं. आता विद्यार्थी म्हणून हात बांधलेले. म्हणून ते दुसऱ्या बाजूने निघाले. लोक किती वापरतात हे लोक सांगत नाहीत, तर गल्लीत पाणी येतं किती, हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत विचारावं.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, मग वजनकाट्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

“विद्यार्थी कोण?”

“मी.”

“विद्यार्थ्यांच्या अर्जावर पालकांची सही लागते.”

“अहो, माझे पालक आता या जगात नाहीत.”

“ते वाईट झालं,” कारकून मनापासून म्हणाला. “पण रकाना आहे ना. कुणीतरी जबाबदार माणूस आणा.”

“मी स्वतः सरकारी निरीक्षक होतो!”

“तेव्हा होतात. आता विद्यार्थी आहात.”

वजनकाटे तरातरा घरी आले. अर्ज टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “इथे सही कर.” बायकोने चष्मा लावला, रकाना वाचला, पुन्हा वाचला. मग अतिशय सावकाश, एकेक अक्षर कोरत ‘पालक’ या शब्दासमोर सही केली. “अभ्यासात लक्ष आहे ना तुझं?” तिने विचारलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. वजनकाट्यांनी अर्ज ओढून घेतला. पण रस्त्यात एका वळणावर त्यांनाच हसू फुटलं, आणि आकडा हातात पडेपर्यंत ते चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न करत होते.

आकडा मोठा होता. गल्लीत पाणी भरपूर येत होतं.

“मग हे मुरतं कुठे?” मॅडमनी विचारलं. “काका, लोक जे सांगत नाहीत ते कधीकधी काढून दाखवतात. त्यांना गल्लीचा नकाशा काढायला सांगा. पट्टी नको, मोजमाप नको. मनातला नकाशा.”

मोजमाप नसलेला नकाशा ही कल्पनाच वजनकाट्यांना असभ्य वाटली. तरी त्यांनी एका रविवारी शेजाऱ्यांना घरी बोलावलं, चहा दिला आणि कागद वाटले. या वेळी तिसरं-चौथं न करता सगळ्यांनाच बोलावलं. हेडसरही आले, पण नुसते “बोलावलंत म्हणून आलो” असं दारातच सांगून.

अर्ध्या तासाने वजनकाट्यांनी सगळे नकाशे भिंतीला चिकटवले आणि तिथेच चुकले.

टेलरबाईंनी घरं काढलीच नव्हती, फक्त खिडक्या काढल्या होत्या आणि कुठल्या खिडकीतून काय दिसतं याच्या रेघा. दोन-तीन कुटुंबं एकदम उठून आपापल्या पडद्यांची चौकशी करायला गेली. औषधवाल्यांचं दुकान त्यांच्या स्वतःच्या नकाशात शाळेएवढं होतं. पण खरा घोटाळा वेगळाच. औषधवाल्यांच्या कागदावर गल्ली मधेच संपली होती. वरचा चढ नाही, हेडसरांचं घर नाही. शेजारचा नकाशा पाहिला, त्यातही नाही. एकाने तर तिथे झाड काढलं होतं.

हेडसरांनी एकेक नकाशा जवळ जाऊन वाचला, पूर्वी पेपर तपासायचे तसा. मग औषधवाल्यांसमोर उभे राहिले.

“माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही कुठे पोचवता? झाडावर?”

“सर, कागद संपला हो!”

“दुकानाला पुरला.”

ते निघून गेले. त्यांचा स्वतःचा कागद टेबलावरच राहिला. त्यात वर एक लहानसं घर होतं आणि त्याच्यापासून खाली जाणारी एक लांबच लांब पाइप. बाकी काही नव्हतं. वजनकाट्यांनी तो कागद उचलला आणि बराच वेळ हातात धरला. त्यांच्या स्वतःच्या नकाशात हेडसरांचं घर होतं का, हे त्यांनी हळूच बघून घेतलं. नव्हतं.

सोमवारपासून औषधवाले हेडसरांशी बोलेनात, टेलरबाईंशी कुणी बोलेना, आणि वजनकाट्यांशी सगळेच तुटक बोलू लागले. गल्ली सुखाने नांदत होती, हा भूगोल मधे आला, असं मत पडलं. मॅडमसमोर सादरीकरण दोन दिवसांवर आलं होतं, आणि हातात होती ती खोटी उत्तरं, खरा आकडा आणि दुखावलेले शेजारी. “मी नाव काढून घेतो,” वजनकाटे जेवताना म्हणाले. “खोटं माप मी लोकांच्या टेबलावरून उचललंय. स्वतः कुठल्या तोंडाने मांडू?”

बायकोने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. दुसऱ्या दिवशी मात्र तिने टेलरबाईंच्या दारात, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की उद्या संध्याकाळी कॉलेजात प्रत्येक घराचं पाणी फळ्यावर लिहिणार आहेत, ज्यानं जेवढं सांगितलं तेवढं, नावनिशीवार.

सादरीकरणाला वजनकाटे इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. वर्गात दहा-बारा तरुण मुलंमुली आणि मॅडम. त्यांनी खडू उचलला, तेवढ्यात दार उघडलं आणि गल्ली आत आली. औषधवाले, टेलरबाई, ऐकू कमी येणाऱ्या आजी, सात माणसांचं ते दोन बादल्यांचं कुटुंब पूर्ण संख्येने, आणि सर्वांत मागे हेडसर. त्यांनी बाकाची धूळ झटकली आणि मगच बसले. वजनकाट्यांची बायको पहिल्या रांगेत, पालकांच्या जागी.

“पहिलं घर,” वजनकाट्यांनी सुरुवात केली. “माणसं सात. पाणी, दोन बादल्या.”

“दोन?” टेलरबाई ताडकन उठल्या. “माझ्या खिडकीतून दिसतं सगळं! त्यांची गाडीच रोज दोन बादल्यांत धुतात!”

“आणि तुमच्या कुंड्या?” दोन बादल्यांचं कुटुंब एका सुरात म्हणालं. “जंगल वाढवलंय नुसतं!”

“लिहा माझ्या कुंड्या! मी घाबरत नाही! वजनकाटे, माझ्या नावावर चार बादल्या लिहा, आणि औषधवाल्यांच्या फरशीच्या तीन!”

“फरशी मला धुवावीच लागते, माझा धंदा स्वच्छतेचा आहे! सहा लिहा, जा!”

एकदा सुरुवात झाल्यावर कुणी थांबेना. ज्यांचा नंबर लागला होता ते आपलं उत्तर दुरुस्त करत होते, ज्यांचा नव्हता ते आपलंही लिहवून घेत होते आणि शेजाऱ्याचंही. वजनकाट्यांना लिहिणं पुरेना, तेव्हा हेडसर उठले, दुसरा खडू घेतला आणि फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर बेरजा मांडू लागले. “एकेक जण बोला! हात वर!” एवढं म्हटल्याबरोबर गल्लीने हात वर केले. मॅडम मागे टेकून बसल्या होत्या आणि आपल्या मुलांना हळू आवाजात सांगत होत्या, “याला गटचर्चा म्हणतात. लिहून घ्या, असली पुन्हा बघायला मिळणार नाही.”

शेवटी बेरीज झाली. आता ती चिमण्यांची नव्हती, चांगली धष्टपुष्ट माणसांची होती. पण कचेरीचा आकडा तरीही तिच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

“बाकी कुठे जाते?” हेडसरांनी खडू फळ्यावर आपटून विचारलं.

सगळे खरं बोलले होते, चेहऱ्यावर दिसत होतं. मग पहिल्या रांगेतून वजनकाट्यांच्या बायकोने विचारलं, “यात शिळं धरलं का?”

“शिळं काय?”

“शिळं पाणी हो. सकाळी नळ आला की आपण कालचं ओतून देतो आणि ताजं भरतो, ते. आमच्याकडे ते काम यांच्याकडेच असतं. रोज पिंपभर.”

वजनकाट्यांचा खडू खाली पडला. “पण ते मी वापरलेलं नाही,” ते कसेबसे म्हणाले. “म्हणजे... ते नुसतं ओततो.”

“आम्ही पण ओततो,” औषधवाले पुटपुटले.

“शिळंच ना ते,” टेलरबाई म्हणाल्या.

आजींना कुणीतरी कानात प्रश्न सांगितला. “टाकी आणि दोन हंडे!” त्या आनंदाने ओरडल्या.

मॅडम पुढे आल्या. “काका, तुमच्या प्रश्नावलीत काय होतं? ‘किती वापरता?’ लोकांनी वापरायचं सांगितलं. ‘किती ओतता?’ असं कुणी विचारलंच नाही.”

हेडसर फळ्यासमोर उभे होते, सर्वांकडे पाठ करून. खालून वरपर्यंत प्रत्येक घर सकाळी आपापलं भरलेलं ओतून पुन्हा भरत येतं, आणि पाणी त्यांच्या दारापर्यंत पोचता पोचता नळाची वेळ संपून जाते. त्यांनी बाकीच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. औषधवाले उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी खडूने फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, चुकीच्या बाजूला, चढाची एक रेघ आणि तिच्या टोकाला एक घर काढलं.

“उतार उलटा काढलाय,” हेडसर म्हणाले. पण पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला तेव्हा गल्लीत विचित्र शांतता होती. पिंपं कालचीच होती, टाक्या कालच्याच, आणि गटारातून रोजचा तो खळखळाट येत नव्हता. वजनकाट्यांनी आपल्या पिंपातलं पेलाभर पाणी काढलं, डोळे मिटले आणि प्यायले. पाण्यासारखं लागलं. मग त्यांनी लाल बादली उचलली आणि चढ चढायला लागले. बायको मागून आली. टेलरबाई आल्या. वर पोचेपर्यंत निम्मी गल्ली त्यांच्या मागे होती, आणि हेडसर मोरीच्या दारात धोतर खोचून उभे होते.

नळ आधी खोकला. मग हवा सोडली. मग मनगटाएवढी धार अशी धाडकन आली की बादली सरकली, पहिल्या रांगेतले लोक भिजले आणि औषधवाल्यांचा चष्मा घरंगळत मोरीच्या भोकाशी गेला. हेडसरांनी धारेखाली हात धरला, मग कोपर, मग एकदम डोकंच घातलं. एवढ्या मोठ्या शाळेचा मुख्याध्यापक नळाखाली फुरफुरत होता आणि कुणालाही त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. म्हणजे हसत सगळेच होते.

“बघा!” हेडसर केसांतून पाणी निथळत बाहेर आले. त्यांनी औषधवाल्यांचा हात धरला आणि आत ओढला. “अहो बघा तरी जोर! टेलरबाई, या, बघा! आजींना पुढे येऊ द्या! वजनकाटे, घ्या, मोजा किती मोजायचं ते!”

बादली केव्हाच भरून वाहत होती. वजनकाट्यांनी ती उचलून बाजूला ठेवली, आणि हेडसर अजून पाहुण्यांना धार दाखवतच होते.

“सर!” अख्खी गल्ली एका आवाजात ओरडली. “नळ बंद करा!”